सहाव्या वर्षाची दाढ

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या जोयडा तालुक्यातील शाळांची दारे उघडतात. ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून पहिलीची मुले रांगेत उभी राहिली, म्हणजे त्यांच्या तोंडांकडे निरखून पाहण्याचा आम्हांस अलीकडे छंद जडला आहे. कोणाचा पुढचा दात पडलेला असतो, कोणाचा हलत असतो, तर कोणाच्या हिरडीतून नव्या दाताची करवतीसारखी कड नुकतीच डोकावू लागलेली असते. पडलेला दात कौलांवर भिरकावून आल्याची हकीकत प्रत्येकास सांगावयाची असते. पण आमची नजर पुढच्या त्या खिडकीवर थांबत नाही. ती मागे, दुधाच्या दाढांच्या पलीकडे जाते. हा छंद का जडला, हे सांगण्यासाठीच या महिन्याचा मजकूर आहे. त्यात आमच्या एका चुकीची कबुली आहे, आणि ती आरंभीच दिलेली बरी.

काही वर्षांपूर्वी दुसरीच्या वर्गातील एक मुलगी गालाला हात लावून आमच्यापुढे आली. खालच्या जबड्यात, अगदी मागे, दाढेवर एक काळा ठिपका दिसत होता. आम्ही चष्मा सावरून पाहिले आणि मोठ्या जाणतेपणाने सांगितले, "दुधाचा दात आहे बाळ, पडेल आपोआप. त्याच्या जागी नवा येईल." घरीही तिला हेच सांगण्यात आले. पुढे ठणका थांबला, मुलगी खेळू लागली, आणि आम्ही तो प्रसंग विसरून गेलो. ती सहावीत असताना मात्र एके दिवशी तिचा गाल सुजला, ताप भरला आणि आठवडाभर ती शाळेत आली नाही. तिच्या वडिलांनी एका दिवसाची मजुरी बुडवून, दोन बसगाड्या बदलून तिला शहरातील दंतवैद्यांकडे नेले. दाढ काढावी लागली. परत आल्यावर ते गृहस्थ आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर आम्हांस बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "मास्तर, तो दात दुधाचा नव्हता म्हणे. डॉक्टर म्हणाले, आता तिथं दुसरा यायचा नाही."

आम्ही मराठीचे एम. ए. दंतवैद्यकाशी आमचा संबंध स्वतःच्या दातदुखीपुरता. परंतु खेड्यात मास्तरांनी सांगितलेली गोष्ट घराघरांत प्रमाण मानली जाते, आणि त्या अधिकाराच्या बळावर आम्ही एका मुलीची जन्माची दाढ घालवली. त्यानंतर या विषयावर मिळेल ते आम्ही वाचले आणि भेटेल त्या दंतवैद्यास प्रश्न विचारून भंडावून सोडले. जे कळले त्यातले घरात उपयोगी पडेल तेवढे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या दाढेविषयीच सांगितले पाहिजे. दुधाचे दात वीस, आणि कायमचे बत्तीस, हे सर्वांस ठाऊक असते. पण वीस दात पडून वीसच नवे येतात, उरलेले बारा कोणाच्याही जागी न येता मागच्या मोकळ्या जागेत उगवतात, हे क्वचितच कोणाच्या लक्षात येते. या बारांपैकी पहिल्या चार दाढा, वर दोन आणि खाली दोन, मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येतात. त्या कोणत्याही दुधाच्या दाताला ढकलून येत नाहीत. त्यामुळे दात हलणे नाही, पडणे नाही, रडणे नाही. एखादा पाहुणा मागील दाराने येऊन ओसरीवर बसावा, तशी ही दाढ गुपचूप येते आणि घरातील माणसे तिला दुधाच्या दाढांपैकीच एक समजतात.

ओळखण्याची रीत सोपी आहे. मुलाच्या पुढच्या दोन दातांमधील रेषेपासून एका बाजूला मागे मोजत जावे. दुधाचे दात एका बाजूस पाचच असतात. सहावा दिसला, की तो जन्माचा आहे असे समजावे. दुसरीतल्या त्या मुलीच्या तोंडात आम्ही एवढे सहापर्यंत मोजले असते, तर आज हा मजकूर लिहिण्याची वेळ आली नसती.

आता या दाढेवरील, किंबहुना प्रत्येक दातावरील, जो पांढरा चकाकणारा थर असतो, त्याकडे वळू. इंग्रजीत त्यास एनॅमल म्हणतात. आपल्या परिभाषेत त्यास दंतवल्क असे नाव आहे. वल्क म्हणजे झाडाची साल. नाव सुरेख आहे, पण एका बाबतीत ते फसवे ठरते. झाडाची साल खरवडली तर कालांतराने झाड ती जखम भरून काढते. दातास तसे वरदान नाही. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येण्याच्या सुमारास आपले काम संपवून नाहीशा होतात. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर जुळते, नखे आणि केस तर कापूनही वाढतात; परंतु दंतवल्काचा एकदा तुटलेला तुकडा शरीर पुन्हा घडवीत नाही.

वास्तविक मानवी शरीरात याहून कठीण असा दुसरा पदार्थ नाही. वजनाच्या हिशेबाने शंभरांतील सुमारे ९६ भाग खनिज असते. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे अतिसूक्ष्म स्फटिक एकमेकांस घट्ट बिलगून बसलेले असतात. दाढेच्या उंचवट्यावर, जेथे हा थर सर्वांत जाड, तेथेही त्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपासच भरते. एवढ्याशा जाडीवर साठ-सत्तर वर्षांचे चावणे चालावयाचे असते. या थरात रक्तवाहिनी नाही, नस नाही, जिवंत पेशी नाही. म्हणूनच तो खराब होत असताना दुखत नाही. दाढ ठणकू लागते, तेव्हा कीड दंतवल्क ओलांडून आतील मऊ दंतिनात शिरलेली असते. "दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचे?" हा आपल्या घरांतील प्रश्न किती उलटा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

कीड हा शब्दही जरा तपासून घेण्यासारखा आहे. दातात खरोखरीच किडे असतात अशी समजूत फार जुनी आहे, आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ते पाडून दाखविणारेही होऊन गेले. प्रत्यक्षात दातात किडा नसतो. तोंडात राहणारे काही जंतू साखर खातात आणि त्यापासून आम्ल तयार करतात. त्यांपैकी एका प्रमुख जंतूचे वर्णन क्लार्क नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९२४ साली केले. हे आम्ल दाताला लागून राहिले, की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. आम्लता मोजण्याचे पीएच नावाचे जे माप आहे, ते साधारण ५.५ च्या खाली गेले म्हणजे हे विरघळणे सुरू होते, असे मानतात.

१९४० च्या दशकात स्टीफन या अमेरिकन संशोधकाने एक महत्त्वाची गोष्ट मोजून दाखविली. तोंडात साखर गेली, की काही मिनिटांतच दातावरील आम्लता झपाट्याने वाढते, आणि ती पूर्ववत होण्यास अर्धा तास, कधी एक तासही लागतो. यातून निघणारा निष्कर्ष प्रत्येक आईने लक्षात ठेवावा असा आहे. साखर किती खाल्ली याला महत्त्व आहेच. पण ती किती वेळा खाल्ली याला त्याहून अधिक आहे. सणाच्या दिवशी जेवताना दोन पुरणपोळ्या खाणाऱ्या मुलापेक्षा, एकच गोळी गालात ठेवून दुपारभर चघळणारे मूल आपल्या दातांचे नुकसान जास्त करते. चहात बुडवून एक बिस्कीट, तासाने दुसरे, मग खिशातली पेपरमिंटची गोळी, असा क्रम चालला, म्हणजे दातास उसंत अशी मिळतच नाही.

आणि ही उसंतच खरे औषध आहे. आपली लाळ दिसावयास साधी, पण तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेले असतात. आम्लाचा जोर ओसरला, की लाळ ती खनिजे हळूहळू दंतवल्कास परत देते. तुटलेले कवच ती जोडू शकत नाही. पण नुकतेच मऊ पडलेले, अजून न कोसळलेले कवच ती पुन्हा घट्ट करू शकते. किडीची पहिली खूण काळी नसते, पांढरी असते. खडू घासल्यासारखा निस्तेज पांढरा डाग हिरडीलगत किंवा दाढेच्या खाचेत दिसू लागला, तर ती वेळ हातातून गेलेली नाही असे समजावे. त्या टप्प्यावर नीट काळजी घेतली तर कीड तेथेच थांबते. काळा खड्डा पडल्यावर मात्र दंतवैद्यांच्या हातांखेरीज गत्यंतर नसते.

झोपेत लाळ फार कमी होते. म्हणून रात्री जेवल्यानंतर दात न घासता झोपणे हे सर्वांत महागात पडते. आपल्याकडे सकाळी दात घासल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी सोवळी घरे पुष्कळ आहेत, पण रात्रीचे दात घासणे हे त्यांस शहरी थेर वाटते. अशा मंडळींस आम्ही चरकाचार्यांची साक्ष देतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दंतधावन दिवसातून दोन वेळा करण्यास सांगितले आहे, आणि तेही हिरडीस इजा न करता. कडू, तुरट, तिखट रसाच्या काडीचे टोक चावून मऊ करून घ्यावे असे तेथे म्हटले आहे. परंपरेचा अभिमान धरावयाचा तर तो पुरता धरावा. सकाळची वेळ घेऊन रात्रीची सोडून देऊ नये.

परंपरेच्या नावावर आणखीही काही गोष्टी चालत आल्या. आमच्या लहानपणी चुलीतील राख, कोळशाची पूड, जाडे मीठ, क्वचित विटेची भुकटी, यांवर सर्व घराचे दात घासले जात. आंब्याचे पान दुमडून त्याने दात चोळण्याची रीत या भागात आजही पाहावयास मिळते. त्या पानाने फारसे बिघडत नाही. पण राख, कोळसा आणि विटेची पूड या खरखरीत वस्तू. त्यांनी दात स्वच्छ वाटतो, कारण वरचा मळ निघतो. पण रोजच्या रोज घासल्याने मळाबरोबर कवचही झिजते, आणि दात पांढरा होण्याऐवजी आतील पिवळसर दंतिन दिसू लागते. हल्ली हाच कोळसा सुंदर वेष्टनात घालून शहरांत विकला जातो, हे पाहून मौज वाटते.

आमच्या आजीस मशेरीची सवय होती. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड बोटावर घेऊन ती सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर फिरवीत असे, आणि त्यास दात घासणे म्हणत असे. त्या पिढीतील असंख्य स्त्रियांस हे व्यसन अशाच सोज्वळ नावाने लागले. तंबाखू घातलेली दंतमंजने व टूथपेस्टी यांवर भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी योग्य ठरविली. तरी घरी भाजलेल्या मशेरीवर कोणता कायदा चालणार? ती दातही राखत नाही आणि तोंडही. तोंडाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. घरात कोणी वडीलधारे माणूस ती लावीत असेल, तर त्यास हिणवू नये. पण नातवंडांसमोर तो डबा राहू देऊ नये. आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सुपारीच्या बागा आहेत, म्हणून हेही सांगितले पाहिजे, की सुपारी सतत चघळल्याने दाढांचे उंचवटे घासून सपाट होतात, आणि तिचे अन्य दुष्परिणाम त्याहून गंभीर आहेत.

आंबटाची गोष्ट निराळी. येथे जंतूंची मध्यस्थी लागत नाही; आंबट पदार्थातील आम्ल थेट दंतवल्कावर काम करते. आमच्या तालुक्यात आंबटास तोटा नाही. चैत्र-वैशाखात करवंदे, कैऱ्या, चिंचा, आणि घरोघरी कोकमाची सोले वाळत घातलेली. जेवणातल्या सोलकढीस किंवा आमसुलाच्या सारास आम्ही दोष देत नाही. भाताबरोबर पोटात गेलेले आंबट दातांशी फार वेळ रेंगाळत नाही. पण मीठ लावलेली चिंच किंवा आमसूल गालात धरून शाळेची वाट तुडविणारी मुले आम्ही रोज पाहतो. बाटलीतील थंड पेयांत तर साखर आणि आम्ल दोन्ही एकत्र असतात. आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासू नयेत, हे आम्हांसही नव्यानेच कळले. त्या वेळी कवच मऊ झालेले असते, आणि ब्रशने ते अधिकच झिजते. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि निदान अर्धा तास थांबावे. गरोदरपणी ज्यांस उलट्या होतात, त्या भगिनींनीही हाच नियम पाळावा. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरल्यास आम्ल शमते.

आता फ्लोराइडविषयी. बृहन्महाराष्ट्रात विखुरलेल्या आपल्या वाचकांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे, कारण तो जेथे राहतो तेथील पाण्यावर अवलंबून आहे. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी मॅके नावाच्या दंतवैद्यास असे आढळले, की तेथील पुष्कळांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, पण त्या दातांस कीड मात्र कमी लागते. कारण १९३१ साली उलगडले: पाण्यातील फ्लोराइड. अल्प प्रमाणात ते दंतवल्कातील स्फटिक अधिक चिवट करते. प्रमाण वाढले, की घडणाऱ्या दातांस बिघडवून टाकते आणि पुढे हाडांसही सोडत नाही. आपल्या देशात या विकाराची नोंद प्रथम १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. आज तेलंगणातील नलगोंडा, गुजरातेतील मेहसाणा, आमच्या कर्नाटकातील गदग, कोप्पळ, रायचूर, कोलार, आणि महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर, अशा अनेक जिल्ह्यांत खोल विंधन विहिरींच्या पाण्यात ते अधिक आढळते. तुरटी आणि चुना घालून पाण्यातील फ्लोराइड कमी करण्याची एक स्वस्त रीत नागपूरच्या नीरी या संस्थेने शोधून काढली. तिला नलगोंडा तंत्र असेच नाव पडले.

भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात एक मिलिग्रॅम फ्लोराइड ही इष्ट मर्यादा असून, दुसरी सोय नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. ज्या वाचकांच्या गावी मुलांच्या नव्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी पट्टे सर्रास दिसतात, त्यांनी विंधन विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि टूथपेस्टविषयी दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा. इतरांनी मात्र फ्लोराइड असलेली साधी टूथपेस्ट अवश्य वापरावी. आपल्या देशात तिच्यातील फ्लोराइड दहा लाख भागांत हजार भागांहून अधिक असू नये असा नियम आहे. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवितात, तिचे अनुकरण करू नये. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. मूल ती गिळत नाही ना, हे पाहणे मोठ्यांचे काम. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा. पेलेच्या पेले पाणी घेऊन चुळा भरू नयेत, म्हणजे औषध दातांवर थोडा वेळ राहते.

ब्रश मऊ केसांचा असावा. जोर करून आडवे करवतल्यासारखे घासण्याने दात स्वच्छ होत नाहीत, हिरडीलगतचे कवच मात्र खाचले जाते. हलक्या हाताने, दोन मिनिटे, आणि प्रत्येक दाढेच्या मागच्या बाजूपर्यंत घासावे. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत त्याच्या हातून हे नीट होत नाही, म्हणून रात्रीचे घासणे आईने किंवा बाबांनी स्वतः करावे. नवी सहाव्या वर्षाची दाढ बरेच महिने शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, म्हणून ब्रश तिच्यावरून नुसताच निघून जातो. तिच्या माथ्यावरील खाचा खोल असतात, आणि तिचे कवचही अजून पुरते पक्के झालेले नसते. त्या दोन-तीन वर्षांत तिला जपले, तर पुढे ती पुष्कळ सोसते. तान्ह्या मुलांच्या आयांस एक विनंती: दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलास झोपवू नये, आणि रडे थांबविण्यासाठी चोखणीला मध-गूळ लावू नये. पुढचे वरचे दात त्यानेच जातात. दुधाचे दात पडणारच असले, तरी नव्या दातांची जागा तेच राखून ठेवतात.

दंतवैद्यांकडे जाण्याची आपल्याकडे फार भीती, आणि आमच्यासारख्या रानातल्या तालुक्यात तर अंतराचीही अडचण. येथून दांडेली, हल्याळ किंवा थेट धारवाड-बेळगाव गाठावे लागते. धारवाड आणि बेळगाव येथे १९८० च्या दशकापासून दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. गोव्याकडील लोकांस बांबोळीचे शासकीय दंत महाविद्यालय १९८० पासून उपलब्ध आहे. महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खर्च बेताचा येतो. सहाव्या वर्षाची दाढ पूर्ण वर आली, की तिच्या खाचांत राळेसारखा पातळ लेप भरून त्या बुजविता येतात. त्यास ना सुई लागते, ना कोरणे. हा लेप ज्या वयात करावयाचा, त्या वयात आपण मुलास दंतवैद्यांकडे नेतच नाही. शिवाय २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते, आणि तिच्यात दातांची कीडही पाहिली जाते. तपासणीच्या दिवशी मुलास घरी ठेवू नये, आणि पथकाने दिलेली चिठ्ठी देव्हाऱ्यामागे खोचून ठेवू नये, ही पालकांस आमची हात जोडून विनवणी.

त्या प्रसंगानंतर आम्ही शाळेत दोन-तीन साध्या गोष्टी केल्या. दुपारच्या भोजनानंतर प्रत्येक मूल नळाशी जाऊन चूळ भरते. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याची प्रथा बंद करून त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे किंवा चणे वाटतात. आरंभी मुले नाराज झाली. एका पालकाने, मास्तर कंजूष झाले, असेही म्हटले. स्वातंत्र्यदिनी बक्षीस म्हणून गोळ्यांच्या पुड्या आम्हीच वर्षानुवर्षे वाटीत आलो होतो. आता ब्रश आणि पेन्सिल देतो. दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आपल्या पूर्वजांनी करून ठेवली. निदान आमच्या शाळेत तरी दात आणि चणे एकाच वेळी असावेत, एवढीच इच्छा.

ती मुलगी आता माध्यमिक शाळेत जाते. एका बाजूनेच चावण्याची सवय तिला लागली आहे, आणि काढलेल्या दाढेच्या जागेकडे शेजारची दाढ कलू लागली आहे. आम्ही तिची क्षमा मागितली, तेव्हा ती लाजून हसली. मुले किती लवकर विसरतात! परंतु यंदा जूनमध्ये तिने आपल्या धाकट्या भावाला पहिलीत आणून सोडले, आणि आमच्यासमोर त्याला तोंड उघडावयास लावून बोटाने एक, दोन, तीन करीत मागे मोजीत गेली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, सहावी आलीये. अजून पांढरी आहे."

वाचकहो, हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी घरातील सहा-सात वर्षांच्या मुलास जवळ बोलवा, उजेडाकडे त्याचे तोंड करा आणि मागे मोजत जा. पाचांपर्यंतचे दात परत मिळतील. सहावा मिळणार नाही.